गावाकडे विमानानं: नागपूरला उतरायचं की बेलोऱ्याला?

नेर आणि नांदगाव खंडेश्वरच्या मधल्या एका गावात माझं ऑनलाइन केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचे दाखले, रेल्वेची तिकिटं ही रोजची कामं. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचं विमान सुरू झालं आणि तेव्हापासून लोक नवाच प्रश्न घेऊन येतात, "भाऊ, विमानाचं तिकीट निघते का तुमच्याइथं?" मुंबई-पुण्यात नोकरीला असलेली गावची पोरंही फोन करतात. दिवाळीला यायचं आहे, नागपूरला उतरू की अमरावतीला?

दोघांनाही मी आधी सारखंच विचारतो: त्या दिवशी विमान उडालंच नाही, तर तुमचं काय अडेल? भाडं त्याच्यानंतर. छोट्या विमानतळाची सोय खरी आहे, आणि आमच्या भागाला ती किती उशिरा मिळाली हे आम्हालाच ठाऊक. पण तिथं दिवसाला एकच विमान, काही दिवस तर तेही नाही. ज्यानं हे ध्यानात धरून तिकीट काढलं त्याला ही सोय मनापासून आवडते. ज्यानं धरलं नाही तो एकदाच जातो आणि पुन्हा नाव काढत नाही.

आधी घराच्या दारापासून तास मोजा

विमानाला किती वेळ लागतो हे विचारू नका. तुमच्या दारातून निघून जिथं पोचायचं तिथल्या दारापर्यंत किती तास, ते कागदावर लिहा.

आमच्या गावाचाच हिशेब सांगतो. नागपूर विमानतळ आम्हाला दीडशे किलोमीटरच्या वर. धामणगावहून समृद्धी महामार्ग धरा की यवतमाळ-वर्धा मार्गे जा, गावातले रस्ते धरून साडेतीन तास धरावेच लागतात. विमानतळावर दोन तास आधी, विमानात दीड तास, मुंबईत सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा-पाऊण तास. झाले आठ तास. बेलोरा आम्हाला चाळीसेक किलोमीटर, यवतमाळ-अमरावती रस्त्यालाच. तासाभराचा रस्ता, दीड तास आधी पोचणं, विमानात पावणेदोन तास, बाहेर पडायला तोच अर्धा-पाऊण तास. पाच तासांत माणूस मुंबईत. विमानातला वेळ बेलोऱ्याहून थोडा जास्त का, तर इथं पंख्याचं एटीआर विमान येतं, ते नागपूरच्या जेट विमानापेक्षा हळू चालतं. तरी एकूण तीन तास वाचतात.

आणि ते तीन तास कोणते, हे बघा. नागपूरहून सकाळचं विमान धरायचं तर आमच्याकडून रात्री एक-दोनला निघावं लागतं. दिवसभर वावरात किंवा गाडीवर राबलेला पोरगा रात्री झोप मारून समृद्धीवर ताशी १२० नं गाडी हाकतो, रस्ता सरळसोट, वळण नाही, समोर दिवा नाही, आणि डोळा लागतो. असे अपघात आपण वाचले आहेत, काहींच्या घरी जाऊन बसलोही आहोत. म्हणून पहाटेचं विमान असेल तर आदल्या संध्याकाळी नागपूर गाठा आणि मुक्काम करा. त्या खोलीचं भाडंही तिकिटाच्या खर्चात धरा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि याबाबत ऐकून घेत नाही.

तुमच्या गावाला कोणतं विमानतळ खरंच जवळ?

विदर्भातला म्हणून प्रत्येकानं नागपूरच धरायचं असं नाही, आणि अमरावती जिल्ह्यातला म्हणून बेलोराच असंही नाही. नकाशा उघडा.

परतवाडा, अचलपूर, दर्यापूर, चांदूर रेल्वे, नेर, दारव्हा या पट्ट्याला बेलोरा सोयीचं. वरुड मात्र अमरावती जिल्ह्यात असूनही काटोल मार्गे नागपूर जवळपास तेवढंच पडतं. मग तिथल्या माणसानं दिवसभर विमानं असलेलं नागपूर का सोडावं? वणी, वरोरा, हिंगणघाट, वर्धा यांनी सरळ नागपूरच धरावं. उमरखेड-पुसदकडच्यांनी नांदेड बघावं. नागपूरपेक्षा ते कितीतरी जवळ, फक्त तिथून तुम्हाला हव्या त्या शहराला विमान आहे का ते आधी तपासायचं. देऊळगाव राजा, चिखली, बुलढाणा या बाजूला छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा सोपं, जालन्यावरून सरळ रस्ता. गोंदियाजवळ बिरसीचं विमानतळ आहे, आणि देवरीच्या माणसाला तर नागपूर आणि रायपूर जवळपास सारखंच लांब.

अकोल्याला शिवणीची धावपट्टी आहे, यवतमाळलाही विमानतळ आहे, म्हणून लोक विचारतात. धावपट्टी असणं वेगळं आणि तिकीट विकणारी प्रवासी सेवा असणं वेगळं. तिकिटाच्या ॲपवर ज्या गावाचं नाव येत नाही, तिथला विचार सोडून द्या.

नाव टाकताना आणखी एक जपा. आंध्र प्रदेशातही अमरावती आहे, तिकडच्या राजधानीचं गाव. गुगलवर 'अमरावती फ्लाइट' टाकलं की विजयवाड्याची विमानंही समोर येतात. महाराष्ट्र लिहिलेलं पाहूनच पुढं जा. आणि मुंबईच्या टोकालाही आता दोन विमानतळं झाली आहेत. नवी मुंबईचं विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू आहे. तुमचा पाहुणा अंधेरीला थांबलेला आणि तुम्ही उलव्याला उतरलेले, असं व्हायला नको. तिकिटावर कोणतं मुंबई लिहिलं आहे ते बोट ठेवून वाचा.

वार आणि वेळ बघा, आणि ही सेवा टिकणार किती तेही

बेलोऱ्याची सेवा सुरू झाली तेव्हा आठवड्यातून तीन दिवस होती: सोमवार, बुधवार, शुक्रवार. पुढं वेळा आणि वार बदलत गेले. देशभरात विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणून शेजाऱ्यानं उन्हाळ्यात सांगितलेली वेळ दिवाळीला कामाची नाही. एप्रिलच्या लग्नासाठी जानेवारीत तिकीट काढलं असेल तर मार्चच्या शेवटी ते पुन्हा उघडून वेळ बघा.

छोट्या विमानतळावरची बरीच विमानं केंद्र सरकारच्या उडान योजनेतून चालतात. योजना २०१६ ची, पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ ला उडाली. दिल्ली-शिमल्याबरोबर आपल्या नांदेडहून हैदराबादला जाणारं विमानही त्याच दिवशीचं. यात काही जागांचं भाडं मर्यादेत ठेवायचं आणि कंपनीला जो तोटा येईल त्याचा भार सरकारनं उचलायचा, असं ठरलेलं असतं. पण ही मदत साधारण तीन वर्षांची. ती संपली आणि विमान भरत नसलं, की कंपनी काढता पाय घेते. कधी त्याआधीच घेते. नांदेडची सेवा मध्ये बंद पडली आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. गोंदियाला मार्च २०२२ मध्ये इंदूर आणि हैदराबादचं विमान आलं, काही महिन्यांत थांबलं, आणि १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीनं हैदराबाद-तिरुपतीची सेवा सुरू केली.

हे सांगतो ते घाबरवायला नाही. दोन-तीन महिन्यांतला प्रवास असेल तर निर्धास्त बघा. पण पोराला पुण्या-मुंबईत नोकरी घेताना 'आता आपल्याकडे विमान आहे, दर पंधरा दिवसांनी येशील' असा पुढच्या पाच वर्षांचा हिशेब त्यावर मांडू नका.

विमान रद्द झालं तर?

हा भाग घाईत वाचू नका.

बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर. नागपूरची ३,२०० मीटर. म्हणून बेलोऱ्याला सत्तर-बहात्तर जागांचं एटीआर उतरतं, मोठी विमानं नाहीत. आता कामकाज कसं चालतं ते समजून घ्या. तेच विमान मुंबईहून येतं, वीस-पंचवीस मिनिटं थांबतं आणि माणसं घेऊन परत जातं. बेलोऱ्यात दुसरं विमान उभं नसतं. म्हणजे इथं ऊन पडलेलं असो, आकाश निरभ्र असो, मुंबईत काही बिघडलं की तुमचंही विमान गेलं. नागपूरला एक रद्द झालं तर संध्याकाळचं दुसरं, दुसऱ्या कंपनीचं तिसरं असतं. इथं पुढचं विमान परवा.

दुसरं कारण दिसण्याचं. मोठ्या विमानतळावर वैमानिकाला धुक्यात, कमी उजेडात यंत्राच्या इशाऱ्यावर उतरता येतं. जिथं ती यंत्रणा नसते तिथं धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते, आणि त्यासाठी साधारण पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसायला हवं. श्रावणातली झड लागली की आपल्याला बांधावरून समोरची निंबाची झाडं दिसत नाहीत, मग वैमानिकाला काय दिसणार? त्यानं न उतरता परत फिरणं हेच बरोबर. त्याचा राग धरू नका.

आमच्या गल्लीतले काका-काकू. काकूंचं मुंबईत ऑपरेशन झालेलं, पुढच्या तपासणीची तारीख सकाळी दहाची. ऑगस्ट महिना. आदल्या दुपारचं बेलोऱ्याचं तिकीट मीच काढून दिलं. काकूंना गाडीत फार वेळ बसवत नव्हतं, म्हणून मीच विमान सुचवलं. घाईत तिकिटावर मोबाइल नंबर माझा टाकला, काकांचा साधा फोन म्हणून. त्या दिवशी मी तहसीलमध्ये एका फेरफाराच्या कामात होतो, फोन पिशवीत. साडेअकराला मेसेज आला की विमान रद्द. मी पाहिला दोन वाजता. तोवर दोघं बेलोऱ्याच्या दारात पोचले होते. काकांचा फोन आला, "काय रे बाप्पा, इथं तर म्हणते आज येतच नाही. आता कसं करावं?" आमच्याकडे लख्ख ऊन होतं. पाऊस मुंबईत होता.

दोघं बडनेऱ्याला गेले, संध्याकाळची मुंबईची गाडी धरली, आरक्षण नाही. काकू रात्रभर डब्याच्या दाराजवळ पिशवीवर बसून गेल्या, रिपोर्टची निळी फाइल मांडीवर. तारीख गाठली त्यांनी. परत आल्यावर मला एक शब्द बोलल्या नाहीत. पण ते माझ्या मनाला अजून लागून आहे, आणि त्यानंतर मी काही नियम पक्के केले.

पहिला नियम, तिकिटावर नंबर जो प्रवास करणार आहे त्याचा. साधा फोन असला तरी मेसेज येतो. वाचता येत नसेल तर सोबत पोराचा नंबर आणि ईमेल द्या, एजंटचा नाही. याला आणखी एक कारण आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत स्पष्ट आहे, की ज्यानं तिकीट काढताना पुरेसा संपर्क दिला नाही, त्याला नुकसानभरपाई मिळत नाही.

दुसरा, ज्या प्रवासाला तारीख चुकवून चालत नाही, त्यासाठी रेल्वेचं तिकीट सोबत काढून ठेवा. ऑपरेशन, परीक्षा, मुलाखत, कोर्टाची तारीख, परदेशाचं विमान, ही सगळी त्यात आली. अमरावती-मुंबई गाडी संध्याकाळी निघून पहाटे मुंबईला पोचवते. विमान दुपारचं असेल आणि ते रद्द झालं, तर बडनेऱ्याहून ती गाडी हाताशी राहते. तिकीट काढतानाच रद्द केल्यावर किती पैसे कापतात ते बघा, आणि विमान आलंच तर गाडी सुटायच्या बऱ्याच आधी रेल्वेचं तिकीट रद्द करा. जे थोडे पैसे जातील ते त्या रात्रीच्या झोपेचे समजा.

तिसरा, सकाळची तारीख असेल तर विमान आदल्या दिवशीचं नको, त्याच्याही आधीच्या फेरीचं घ्या. मुंबईत कोणाकडे एक रात्र जास्त काढावी लागेल, काढा.

आता हक्क. कंपनीनं विमान रद्द केलं तर पूर्ण पैसे परत किंवा दुसऱ्या विमानात जागा, यातलं काय हवं ते तुम्ही निवडायचं. काउंटरवरचा माणूस फक्त एकच पर्याय सांगत असेल तरी दोन्ही मागा. वेळेत कळवलं नाही आणि कारण कंपनीचं स्वतःचं असेल तर वर भरपाईही आहे. एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५०० रुपये किंवा तिकिटाचं मूळ भाडं आणि इंधन आकार, यात जे कमी असेल ते. पण पाऊस, धुकं, वादळ अशा हाताबाहेरच्या कारणाला ही भरपाई लागू नाही. पैसे परत मिळण्याचा हक्क मात्र तेव्हाही आहेच. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तरी पूर्ण परतावा मागता येतो. कंपनी दाद देत नसेल तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. मी दोघांची केली आहे, तिथून हालचाल होते.

पैशांचा हिशेब

लोक तिकीट-तिकीट शेजारी ठेवतात. बेलोरा महाग दिसलं की नागपूर घेतात. पण गाडीवाला दोन्ही बाजूंचे किलोमीटर लावतो हे विसरतात. आमच्याकडून नागपूरला सोडायला गाडी केली तर येणं-जाणं तीनशेच्या वर किलोमीटर होतात, वर टोल. बेलोऱ्याला ऐंशी. चौघं जण असतील तर गाडीचा खर्च वाटला जातो आणि नागपूर परवडतं. एकटा-दुकटा असेल तर बेलोराच बहुतेक वेळा स्वस्त पडतं, तिकीट थोडं महाग असलं तरी.

एसटीनं जाणाऱ्याचं गणित वेगळं. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडून नागपूरला येणारी बस वर्धा रोडनंच येते, विमानतळ त्याच रस्त्यावर. गणेशपेठच्या बसस्थानकापर्यंत जाऊन उलट यायची गरज नाही. कंडक्टरला आधी सांगून विमानतळाच्या फाट्यावर उतरा, तिथून ऑटो करा. अमरावतीकडून येणारी बस मात्र वाडीकडून शिरते, तिथून विमानतळ शहराच्या दुसऱ्या अंगाला. तो ऑटोचा खर्च आणि अर्धा-पाऊण तास धरा. शहरात कुठं थांबला असाल तर मेट्रो चांगली, वर्धा रोडवर विमानतळाचं स्टेशन आहे. तिथून टर्मिनल थोडं आत, जड सामान असेल तर ऑटो लागेल.

तिकीट काढताना

आधार कार्डावर जे नाव तेच तिकिटावर. आपल्याकडे मधलं नाव कधी असतं कधी नसतं, बायांचं माहेरचं-सासरचं नाव वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळं असतं. ज्या कार्डावर प्रवास करणार ते समोर ठेवून अक्षर न अक्षर टाका. दोन वर्षांखालच्या लेकराचं वेगळं आसन नसतं, पण तिकिटात नाव लागतं आणि जन्माचा दाखला सोबत ठेवावा लागतो.

मुंबईहून पुढं परदेशी किंवा दुसऱ्या शहरात जायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर मिळतात का बघा. वेगवेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान रद्द झाल्यावर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. दुबईला कामाला जाणाऱ्या पोरांना मी हे दोनदा सांगतो. घरच्यांनी सोयाबीन विकून काढलेलं तिकीट असतं ते. छोट्या विमानतळावरून निघणार असाल आणि तिकिटं वेगळी असतील तर मध्ये किमान एक दिवस सोडा.

म्हाताऱ्या माणसाला चालवत नसेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. ती मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

सामान

विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाला बहुतेक तिकिटांवर १५ किलो. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात. नागपूरच्या विमानात सहज बसणारी चाकाची बॅग इथं कधी दारातच घेऊन खाली ठेवतात. म्हणून औषधं, रिपोर्ट, दागिने, पैसे, फोनचा चार्जर एका छोट्या खांद्याच्या पिशवीत वेगळे ठेवा. बॅग काढून घेतली तरी ती पिशवी तुमच्याजवळ राहील.

आपल्याकडून जाणाऱ्याच्या पिशवीत काय असतं ते मला माहीत आहे. लोणचं, भिवापुरी तिखट, तूप हे हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत, डबा टेपनं बंद करून वर प्लास्टिकची पिशवी. तिखटाची पुडी हातातल्या सामानात सापडली की तिथंच टाकून देतात, आणि घरच्या मिरचीचं तिखट असं कचऱ्याच्या डब्यात जाताना बघवत नाही. संत्री न्यायची असतील तर खोक्यात, पण वजन घरी काट्यावर करून. अडकित्ता, विळी, चाकू मोठ्या बॅगेत. पॉवर बँक उलट, ती फक्त हातातल्या पिशवीत. माचिस आणि लायटर कुठंच नाही.

प्रवासाच्या दिवशी

निघण्याआधी विमानाची स्थिती बघा, म्हणजे मुंबईहून ते निघालं का. कंपनीच्या ॲपवर किंवा हेल्पलाइनवर कळतं. बेलोऱ्याच्या बाबतीत हीच बातमी सगळ्यात मोलाची, कारण तुमचं विमान म्हणजे तेच. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. विमानतळ लहान आहे म्हणून शेवटच्या अर्ध्या तासात चालेल, असं नाही. दीड तास आधी पोचा. आत मोठी दुकानं-हॉटेलं नसतात, तेव्हा घरून दशमी-चटणी बांधून घ्या. कोरडं खाणं नेता येतं. पाण्याची बाटली तपासणीच्या आधी रिकामी करून आत भरा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना, आणि खास करून आई-बाबांना नेणाऱ्यांना, बेलोरा मला मनापासून बरं वाटतं ते इथं. दारातून शिरलं की काउंटर समोर दिसतो. दोन मजले नाहीत, सरकते जिने नाहीत, पंचवीस गेट नाहीत. रांगेत गोंधळलं तर कोणी तरी मराठीत सांगतं. विमानापर्यंत थोडं चालायचं आणि एटीआरच्या मागच्या दाराला असलेल्या चार-पाच पायऱ्या चढायच्या. मोठ्या विमानाच्या उंच शिडीपेक्षा हे गुडघे दुखणाऱ्या माणसाला सोपं. माझी आई पहिल्यांदा बसली तेव्हा पंख्याच्या आवाजानं दचकली. मग खिडकीतून खाली बोट दाखवून म्हणाली, "ते पाय, पऱ्हाटी." तूर आणि कपाशीचे पट्टे तिला वरून ओळखू आले. एटीआर जेटइतकं उंच जात नाही, म्हणून रान बराच वेळ दिसत राहतं. खिडकीची जागा मागून घ्या.

ढगांत हे विमान जरा जास्त हलतं. लहान विमान आहे, हलणारच. आधी सांगून ठेवलं तर माणूस घाबरत नाही.

मग मी काय सुचवतो?

जाताना काम तारखेचं असेल तर नागपूर, मुक्काम धरून, नाही तर सरळ रेल्वे. भेटीगाठी, लग्न, फिरणं असेल तर बेलोरा. येताना मात्र मी बहुतेकांना बेलोराच सांगतो. घरी एक दिवस उशिरा पोचलं तर आई वाट बघते, दुसरं काही बिघडत नाही. कोणाच्या अंत्यदर्शनाला धावत येणाऱ्यानं वार बघत बसू नये. मिळेल ते पहिलं विमान पकडून नागपूरला उतरावं आणि गाडी करावी.

उतरल्यावरचं एक राहिलं. नागपूरला बाहेर पडलं की टॅक्सी मिळते. बेलोऱ्याला ती धरून चालू नका. गाडी आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि विमान मुंबईहून निघालं की गाडीवाल्याला फोन करा, म्हणजे रद्द झालं तर त्याचा फेरा वाया जात नाही. गावची गाडी सांगितलेली नसेल तर बडनेरा किंवा अमरावती बसस्थानक गाठायचं. आपल्या गावची मुक्कामी एसटी किती वाजता सुटते ते घरी विचारूनच मुंबईहून निघा. काका-काकू तपासणी आटोपून परत आले ते विमानानंच. तेव्हा नंबर काकांचा टाकला होता. सायंकाळी फोन आला, "उतरलो रे, गाडीत बसून रायलो," आणि दिवेलागणीला दोघं आमच्या ओट्यावर चहा पीत होते.